वाहनउद्योगाला मदत हवी, पण मुदतीची

ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस युरोपीय संघानं चीनमध्ये तयार होणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा आयात शुल्क बसवलं. पूर्वीच्या 10 टक्क्यांवर कंपनी पाहून भर घातली गेली: टेस्लाच्या शांघायमधल्या गाड्यांवर 7.8 टक्के, तर सरकारी मालकीच्या साइक या चिनी कंपनीवर 35.3 टक्के. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेनं हेच शुल्क 100 टक्क्यांवर नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून वाहनउद्योगाच्या भवितव्याची चर्चा निघाली की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सरकारनं धंद्यात पडू नये. चांगली आणि स्वस्त गाडी जिथून येते तिथून येऊ द्यावी. दुसरा म्हणतो, उद्योग आणि कामगार वाचवायचे तर शुल्क वाढवा, अनुदान द्या. दोघेही तावातावानं भांडतात आणि दोघेही एकाच गोष्टीला बगल देतात. सरकारनं मदतीच्या बदल्यात काय मागितलं, कधीपर्यंत मागितलं, आणि ते मिळालं नाही तेव्हा काय केलं?

माझ्या मते सगळा वाद या तीन प्रश्नांवर व्हायला हवा. मोटारी बनवणाऱ्या देशांत सरकारी मदत कायम होती आणि पुढेही राहणार. ती सार्थकी लागली की वाया गेली, हे रकमेच्या आकड्यावरून कळत नाही. ज्या सरकारांनी मदतीला अट घातली, मुदत घातली आणि नापास होणाऱ्याला खरोखर नापास केलं, त्यांच्याकडे उद्योग उभा राहिला. ज्यांनी कंपनीचं नाव हेच राष्ट्राचं नाव मानलं, त्यांच्याकडे कारखाने राहिले पण कसब मागे पडलं.

‘सरकारविना वाढलेला वाहनउद्योग’ ही कल्पना इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. बाजाराच्या जोरावर मोठी झालेली कंपनी म्हणून टोयोटाचं नाव हमखास घेतलं जातं. पण 1920 च्या दशकात जपानी बाजार फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या ताब्यात होता. फोर्डची जुळणी योकोहामात चाले, जनरल मोटर्सची ओसाकात. 1936 मध्ये जपाननं कायदा करून वाहननिर्मितीला सरकारी परवाना सक्तीचा केला, टोयोटा आणि निसानला तो दिला आणि अमेरिकी कंपन्यांची कोंडी केली. दशक संपता संपता त्यांनी तिथलं उत्पादन गुंडाळलं. टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी 1937 ची, म्हणजे या कायद्यानंतरची. पुढे 1950 मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर होती तेव्हा बँक ऑफ जपानच्या पुढाकारानं बँकांनी कर्ज दिलं आणि पाठोपाठ कोरियन युद्धातल्या लष्करी मालमोटारींच्या मागणीनं तिला श्वास मिळाला. सरकार बाजूला असतं तर आज जिचं उदाहरण बाजारवादी देतात ती कंपनी असती का?

तरीही विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत. पहिला आणि सर्वांत भक्कम मुद्दा असा की, उद्या कोणतं तंत्रज्ञान आणि कोणती कंपनी चालेल हे सरकारी अधिकाऱ्यांना कळत नाही. त्याचा पुरावाही जपानमधलाच आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाला वाटत होतं की देशात मोटार कंपन्या फार झाल्या. आहेत त्यांचे मोजके गट करावेत आणि नव्यांना दार बंद करावं. तसं विधेयकही तयार झालं. तोवर मोटरसायकली बनवणाऱ्या सोइचिरो होंडा यांनी त्याला उघड विरोध केला आणि दार बंद होण्याआधी आत शिरायचं म्हणून 1963 मध्ये घाईनं एक छोटा ट्रक आणि एक स्पोर्ट्स कार बाजारात आणली. विधेयक संसदेत अडकलं आणि मागे पडलं. ते मंजूर झालं असतं तर होंडाच्या मोटारी जगानं कदाचित पाहिल्याच नसत्या. अधिकारी हुशार होते, देशाचं भलं चिंतणारे होते, आणि तरी साफ चुकले होते.

दुसरा मुद्दा राजकारणाचा. सरकार कारखान्याची जागा ठरवू लागलं की हिशेब उत्पादनाचा राहत नाही, मतदारसंघाचा होतो. ब्रिटनमध्ये रूट्स कंपनीला आपल्या छोट्या गाडीसाठी, हिलमन इम्पसाठी, नवा कारखाना हवा होता. बेरोजगारी असलेल्या भागात उद्योग न्यायचे हे सरकारचं धोरण, त्यामुळे तो स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या लिनवूडला गेला आणि 1963 मध्ये सुरू झाला. कंपनीचं यंत्रकाम मात्र इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत. परिणामी इंजिनाचं ॲल्युमिनियमचं ओतकाम लिनवूडला व्हायचं, ते शेकडो किलोमीटर दक्षिणेला कॉव्हेंट्रीजवळ जाऊन तासलं जायचं, तिथे इंजिन जुळायचं, मग ते इंजिन पुन्हा उत्तरेला गाडीत बसायला यायचं, आणि तयार गाडी विक्रीसाठी पुन्हा दक्षिणेला निघायची. प्रत्येक गाडी विकली जाण्याआधीच तिच्या अंगावर हा खर्च चढलेला असे. 1981 मध्ये लिनवूड बंद झालं. ज्या कामगारांसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांच्याच गावावर अखेर बेकारी आली.

तिसरा मुद्दा ताजा आहे. युरोपला स्वतःची बॅटरी कंपनी हवी होती म्हणून स्वीडनच्या नॉर्थव्होल्टमागे कार कंपन्या, गुंतवणूकदार आणि सरकारी वित्तसंस्था उभ्या राहिल्या. डिसेंबर 2021 मध्ये तिच्या स्वीडनमधल्या शेलेफ्टिओच्या कारखान्यात पहिला सेल, म्हणजे बॅटरीचा मूळ घटक, तयार झाला. पण एक सेल बनवणं आणि दिवसाला हजारो सेल एकसारखे बनवणं यांत मोठं अंतर आहे. सेलमधल्या पातळ पत्र्यावरचा रासायनिक लेप सूक्ष्म फरकानंही कमीजास्त झाला, ओलावा शिरला, तर सेल बाद होतो. ते कसब अंगी मुरायला वर्षं लागतात. पहिला कारखाना नीट चालण्याआधी कंपनी जर्मनीत आणि कॅनडात नवे कारखाने जाहीर करत सुटली. 2024 मध्ये बीएमडब्ल्यूनं 2 अब्ज युरोंची मागणी रद्द केली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीनं स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जर्मन सरकारी विकास बँकेनं दिलेले सुमारे 60 कोटी युरो त्यात अडकले.

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून ‘सरकारनं काहीच करू नये’ हा निष्कर्ष कसा निघतो? होंडाच्या उदाहरणातून निघतो तो एवढाच की सरकारनं विजेता आधी ठरवू नये आणि नव्यांना दार बंद करू नये. लिनवूडमधून निघतो तो हा की कारखान्याचं ठिकाण खासदाराच्या सोयीनं ठरवू नये. नॉर्थव्होल्टमधून निघतो तो हा की पहिला टप्पा गाठल्याशिवाय दुसऱ्याचे पैसे देऊ नयेत. हे सगळे मदत कशी करावी याचे धडे आहेत.

टप्प्याटप्प्यानं पैसे सोडण्याचं महत्त्व अमेरिकेतल्या एकाच योजनेत दिसून आलं. वाहनांच्या नव्या तंत्रज्ञानासाठी कर्ज देण्याच्या ऊर्जा खात्याच्या योजनेतून टेस्लाला 2010 मध्ये 46.5 कोटी डॉलर मिळाले. ते कर्ज कंपनीनं मे 2013 मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षं आधी फेडलं. त्याच योजनेतून फिस्कर या कंपनीला 52.9 कोटी डॉलर मंजूर झाले होते. फिस्करनं ठरलेले टप्पे गाठले नाहीत, म्हणून सुमारे 19.2 कोटी दिल्यावर खात्यानं पुढची रक्कम रोखली. कंपनी बुडाली, खात्याचे 13.9 कोटींच्या आसपास गेले. त्या वेळी वृत्तपत्रांत आणि संसदेत फिस्करच्या नावानं केवढा गदारोळ झाला! वास्तविक योजना नीट चालल्याची ती खूण होती. दहापैकी दहा कर्जं परत येत असतील तर ती कर्जं खासगी बँकेनंही दिली असती. सरकारची गरजच काय? काही पैसा बुडणार हे गृहीत धरूनच अशा योजनेत उतरायचं असतं. बुडणारा किती पैसा घेऊन बुडतो, ते मात्र आपल्या हातात असतं.

आता अट घालणारं आणि न घालणारं सरकार समोरासमोर ठेवून पाहू. दक्षिण कोरिया आणि मलेशिया, दोघांनी ‘राष्ट्रीय मोटार’ हवी असं ठरवलं, दोघांनी आयातीला अडसर घातला आणि दोघांनी मित्सुबिशीचं तंत्रज्ञान घेतलं. कोरियन सरकारनं 1974 मध्ये वाहनउद्योगाचा दीर्घकालीन आराखडा आणला आणि कंपन्यांना स्वतःच्या रचनेची छोटी गाडी बनवायला सांगितलं. ह्युंदाईनं ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीतून बाहेर पडलेल्या जॉर्ज टर्नबुल यांना उल्सानच्या आपल्या कारखान्यात आणलं, इटलीचे मोटार-रचनाकार जुजारो यांच्याकडून रचना करून घेतली, इंजिन मित्सुबिशीचं बसवलं आणि पोनी ही गाडी उभी केली. लगेच 1976 मध्ये ती इक्वेडोरला निर्यात झाली. निर्यात करणाऱ्यालाच स्वस्त कर्ज, हा तिथला दंडक होता. घरच्या ग्राहकाला आयातबंदीच्या आडोशानं वाईट गाडी गळ्यात मारता येते; इक्वेडोरचा ग्राहक कोरियन मंत्र्याचं ऐकत नाही. निर्यातीची अट म्हणजे सरकारनं स्वतः परीक्षक न होता परक्या ग्राहकाला परीक्षक नेमणं. तो विकत घेता येत नाही आणि त्याला वशिला लागत नाही.

मलेशियात 1983 मध्ये प्रोटॉन स्थापन झाली, 1985 मध्ये मित्सुबिशीच्या गाडीवर बेतलेली सागा आली. परदेशी गाड्यांवर जबर कर असल्यानं देशातल्या निम्म्याहून अधिक विक्रीवर प्रोटॉनची पकड बसली. पुरवठादार नेमताना दर्जा आणि किंमत यांच्या जोडीला भूमिपुत्र धोरणाचा, म्हणजे मलय व मूळ रहिवाशांना प्राधान्य देण्याचाही निकष लागला. निर्यात थोडीफार झाली, पण ती जमली नाही म्हणून संरक्षण गेलं असं कधी घडलं नाही. मुदत प्रत्येक वेळी पुढे सरकली. अखेर 2017 मध्ये कंपनीचा 49.9 टक्के हिस्सा आणि कारभार चीनच्या जीलीकडे गेला. जीली ही एकेकाळी फ्रिजचे सुटे भाग बनवणारी खासगी कंपनी, प्रोटॉनच्या कितीतरी नंतर मोटारींत उतरलेली.

कोरियाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ती शिस्त हुकूमशाहीच्या आधारानं आली होती. पार्क चुंग ही यांच्या राजवटीत कामगार संघटना दडपल्या गेल्या आणि कोरियन ग्राहकानं वर्षानुवर्षं घरच्या गाडीला जास्त पैसे मोजले. ही किंमत खरी आहे आणि ती कोणी मोजावी यावर वाद घालायलाच हवा. पण शिस्तीसाठी हुकूमशाही लागतेच असं नाही. 1997 च्या आर्थिक संकटानंतर, लोकशाही आलेल्या कोरियानं किया बुडाल्यावर ती ह्युंदाईला विकू दिली, सॅमसंगचा मोटारींचा धंदा रेनोकडे जाऊ दिला आणि देवूचा मोठा भाग जनरल मोटर्सकडे. राष्ट्राभिमानाच्या नावाखाली सगळ्यांना पोसत बसण्याचा मोह तेव्हाही होताच.

भारतात तर एकाच देशात, एकाच संरक्षणाच्या आत दोन्ही प्रयोग झाले. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ॲम्बेसेडर 1957 पासून जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली, कारण स्पर्धा परवान्यानं रोखलेली होती आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं. दर्जा सुधारला नाही म्हणून परवाना गेला, असं कधी झालंच नाही. मग सरकारनंच 1981 मध्ये मारुती उद्योग ही कंपनी काढली, 1982 मध्ये सुझुकीशी करार केला आणि डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. करारामागे भागांचं देशीकरण ठरलेल्या वर्षांत करण्याचं बंधन होतं, त्यामुळे पुरवठादारांचं जाळं कारखान्याभोवती उभं करावं लागलं आणि त्यांना जपानी मापांत काम शिकावं लागलं. पुढे त्याच पुरवठादारांच्या बळावर इतर कंपन्याही इथे आल्या. आयात दोन्ही काळात बंदच होती. बदलली ती अट.

संरक्षणाला मुदत नसली की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र गरीब देशातलं नाही. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं म्हणून अमेरिकेनं 1964 मध्ये हलक्या मालवाहू गाड्यांवर 25 टक्के शुल्क लावलं. कोंबड्यांचा वाद केव्हाच मिटला, शुल्क सहा दशकं तसंच आहे. फोर्ड कंपनी ट्रान्झिट कनेक्ट ही व्हॅन तुर्कस्तानात बनवून अमेरिकेत आणत होती. प्रवासी गाडीवर तेव्हा शुल्क फक्त 2.5 टक्के होतं, म्हणून प्रत्येक व्हॅनला मागची आसनं आणि खिडक्या बसवून ती जहाजावर चढवली जायची, आणि बाल्टिमोरला उतरल्यावर ती आसनं काढून टाकली जायची. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2024 मध्ये फोर्डनं 36.5 कोटी डॉलर भरून ते मिटवलं. पण खरं नुकसान याहून मोठं आहे. आडोसा पिकअप ट्रकना होता, म्हणून अमेरिकी कंपन्यांची बुद्धी, भांडवल आणि नफा तिकडेच सरकत गेले. 2018 मध्ये फोर्डनं उत्तर अमेरिकेत सेडान गाड्या जवळपास पूर्ण बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या छोट्या, हलक्या गाडीवर पुढचं युद्ध होणार होतं, ते मैदान न लढताच सोडून दिलं गेलं.

त्याच अमेरिकेत दुसरं उदाहरणही आहे. 1981 मध्ये दबावाखाली जपाननं अमेरिकेला वर्षाला 16.8 लाखच गाड्या पाठवण्याचं मान्य केलं. ग्राहकाला गाड्या महाग पडल्या, हे अर्थतज्ज्ञांचं म्हणणं बरोबरच आहे. पण त्याच दबावातून जपानी कारखाने अमेरिकेत आले: 1982 मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिलला होंडा, आणि 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला टोयोटा व जनरल मोटर्सचा संयुक्त कारखाना. फ्रीमाँटचा जुना कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता, जनरल मोटर्सनं तो बंद केला होता. टोयोटानं बहुतेक त्याच कामगारांना परत घेतलं. फरक एवढा की प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. चूक दिसली की कामगारानं ती ओढायची, मुकादम धावत येणार, आणि दोष निघाला नाही तर जुळणीचा फिरता पट्टा थांबणार. जुन्या कारखान्यात पट्टा थांबवणं हा गुन्हा होता. दोनेक वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या उत्तमांमध्ये मोजला जाऊ लागला. कामगार आळशी आहेत हा आरोप त्या दोरीनं खोटा पाडला. शिकण्याची संधी अशी समोर असताना जनरल मोटर्सनं ती पद्धत बाकी कारखान्यांत नेण्यात मात्र फार वर्षं घालवली, कारण तसं करा असं कोणी बजावलं नव्हतं. संरक्षणानं मिळालेला वेळ कसा वापरायचा हे कंपनीवर सोडलं की बहुतेकदा तो नफ्यात आणि लाभांशात जिरतो.

चीनचं उदाहरण दोन्ही बाजू सोयीनं वापरतात. एकाला तिथे फक्त अनुदानाचा गैरप्रकार दिसतो, दुसऱ्याला सर्वज्ञ सरकार. दोन्ही चित्रं अपुरी आहेत. परदेशी कंपनीनं चिनी भागीदार घ्यायलाच हवा, हे धोरण तीन दशकांहून अधिक चाललं आणि ज्या सरकारी कंपन्यांना मोठं करायचं होतं त्या परदेशी गाड्यांच्या नफ्यावर सुस्तावल्या. माजी यंत्रोद्योग मंत्री हे ग्वांग्युआन यांनी 2012 मध्ये या व्यवस्थेची तुलना अफूशी केली होती. आज ज्या कंपन्यांना जग घाबरतं त्या या लाडक्या सरकारी कंपन्यांपैकी नाहीत. बीवायडी 1995 मध्ये बॅटरी बनवणारी खासगी कंपनी म्हणून सुरू झाली आणि 2003 मध्ये मोटारींत आली. म्हणजे चीनलाही विजेता ओळखता आला नव्हता. त्याला दिशा मात्र ओळखता आली. ऑडीत काम करून परतलेले वान गांग 2007 मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले आणि 2009 पासून शहरं निवडून बस-टॅक्सींपासून इलेक्ट्रिक वाहनांना सरकारी मागणी मिळू लागली. चोरीही झाली; 2016 मध्ये अर्थ मंत्रालयानं खोटी विक्री दाखवून अनुदान लाटणाऱ्या कंपन्यांची नावं जाहीर केली आणि दंड केला. पात्रतेचे निकष दरवर्षी कडक होत गेले, एका चार्जमध्ये जास्त अंतर जाणाऱ्या गाडीलाच जास्त पैसे मिळू लागले, रक्कम पायरीपायरीनं कमी झाली. महासाथीत मुदत एकदा वाढली, पण 2022 च्या अखेरीस केंद्राचं खरेदी अनुदान संपलं. त्याआधी 2019 मध्ये टेस्लाला चिनी भागीदाराशिवाय शांघायमध्ये कारखाना काढू दिला होता. घरच्या कंपन्यांच्या अंगणात सरकारनं स्वतःहून सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी आणून उभा केला. 2023 मध्ये मोटारींच्या निर्यातीत चीननं जपानला मागे टाकलं.

यावर आक्षेप येतो की चीननं गरजेपेक्षा कितीतरी जास्त कारखाने उभारले. खरं आहे. प्रत्येक प्रांताला आपली मोटार कंपनी हवी होती, आणि बुडणारीला स्थानिक सरकारं तगवत राहिली. किंमतयुद्ध इतकं भडकलं की कंपन्या पुरवठादारांचे पैसे महिनोन्‌महिने थकवू लागल्या. 2025 मध्ये सरकारच्या दट्ट्यानंतर मोठ्या कंपन्यांनी 60 दिवसांत देणी चुकवण्याचं कबूल केलं. माझ्या मते हा आक्षेप माझंच म्हणणं पक्कं करतो. जिथे केंद्रानं अट आणि मुदत पाळली तिथे कसब वाढलं, आणि जिथे प्रांतांनी ती पाळली नाही तिथे नासाडी झाली. देश एकच, उद्योगही एकच.

याच्या उलट टोकाला जर्मनी. नोव्हेंबर 2023 मध्ये घटनात्मक न्यायालयानं अर्थसंकल्पातली एक तजवीज रद्द केली आणि डिसेंबरमध्ये सरकारनं इलेक्ट्रिक गाड्यांचं खरेदी अनुदान अक्षरशः एका दिवसाच्या सूचनेवर बंद केलं. 2024 मध्ये तिथली इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री 27 टक्क्यांनी घसरली. अमेरिकेनंही इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीवरची, 2022 च्या कायद्यातली 7500 डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपवली. कायद्यानुसार ती 2032 पर्यंत चालायची होती. बॅटरीचा कारखाना उभा राहून सुरळीत चालायला चार-पाच वर्षं लागतात. दर निवडणुकीला धोरण फिरत असेल तर कोणता शहाणा माणूस असा कारखाना बांधायला घेईल? मुदत म्हणजे मदत कधी थांबणार हे आधी सांगणं, आणि तोवर ती न थांबवणं. पहिल्या अर्ध्याइतकाच दुसरा अर्धाही सरकारवर बंधनकारक आहे.

‘मोटारी नकोतच’ असा एक विचार आहे आणि त्याचा नमुना म्हणून ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवलं जातं. फोर्डनं 2016 मध्ये, टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या होल्डननं ऑक्टोबर 2017 मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं, आणि देश बुडाला नाही. हे कबूल करायलाच हवं. वर्षाला दहा-बारा लाख गाड्यांचा विखुरलेला बाजार आणि खनिजांमुळे महागलेलं चलन, अशा स्थितीत तो निर्णय कदाचित समर्थनीयही असेल. पण प्रत्येक देशाच्या पोटात लोहखनिज आणि कोळसा नाही. आणि ऑस्ट्रेलिया आज जगात सर्वाधिक लिथियम खणतो, त्यातलं बहुतेक खनिज शुद्धीकरणासाठी चीनला जातं आणि बॅटरी होऊन गाडीसकट परत येतं. त्या साखळीत कुठे शिरायचं तर रसायन, यंत्रकाम आणि गुणवत्ता तपासणी येणारी माणसं लागतात. त्यांतली अनेक मोटारींच्या कारखान्यांत तयार होत असत.

म्हणूनच मदत कोणाला, हा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, नेहमीचा गिअरबॉक्स नाही, सायलेन्सर नाही, इंधनटाकी नाही, इंजेक्टर नाहीत. गाडीवर नाव असलेली कंपनी हा बदल पचवेल. ती मोटर आणि बॅटरी विकत घेईल आणि आपलं नाव लावेल. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर घडवणारा छोटा पुरवठादार तो पचवू शकणार नाही. तरी अनुदानाच्या यादीत वरती कोण असतं? जुळणी करणाऱ्या बड्या कंपन्याच. कारण मंत्र्यांना कोनशिला तिथे बसवता येते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं माप सांभाळणारा कारागीर विमानाचे, वैद्यकीय उपकरणांचे, यंत्रमानवाचे भाग बनवू शकतो, पण त्यासाठी नवं यंत्र, प्रशिक्षणाच्या काळातला पगार आणि पहिली ऑर्डर लागते. 2009 मध्ये अमेरिकेनं जनरल मोटर्स वाचवताना त्या एका कंपनीत सुमारे 49.5 अब्ज डॉलर घातले आणि 11 अब्जांच्या आसपास गमावले. लोक आजही त्या तोट्यावर भांडतात. माझ्या लेखी त्या व्यवहारातला लक्षात ठेवण्याजोगा भाग वेगळा आहे: सरकारनं प्रमुख अधिकाऱ्याला जायला लावलं, पाँटिॲक आणि सॅटर्नसारखी नावं बंद झाली, आणि मुख्य म्हणजे पुरवठादारांसाठी वेगळा निधी ठेवला. फोर्डनं स्वतः मदत घेतली नाही, पण प्रतिस्पर्ध्यांना वाचवण्याच्या बाजूनं संसदेत साक्ष दिली, कारण पुरवठादार सामाईक होते. ते कोसळले असते तर फोर्डचाही पट्टा थांबला असता.

युरोपच्या शुल्काकडे मी या नजरेनं पाहतो. शुल्क लावलं यात मला गैर वाटत नाही. ते लावताना युरोपीय कंपन्यांकडून काय लिहून घेतलं, हे मला दिसत नाही. दरम्यान चिनी कंपन्या शुल्काला वळसा घालून आत येत आहेत. हंगेरीत सेगेडला बीवायडीचा आणि डेब्रेत्सेनला सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीचा कारखाना उभा राहतो आहे. 1984 मध्ये फोक्सवॅगननं शांघायमध्ये भागीदारी केली तेव्हा सँताना गाडीत चिनी म्हणावेत असे भाग टायर, रेडिओ, अँटेना एवढेच होते. शांघायच्या प्रशासनानं प्रत्येक सँतानावर अधिभार लावला, त्यातून स्थानिक पुरवठादारांसाठी निधी उभा केला, आणि कोणता भाग कधी देशात बनेल याचा तगादा लावला. भाग फोक्सवॅगनच्या कसोटीला उतरल्याशिवाय गाडीत बसत नसे, त्यामुळे दर्जाशी तडजोडही झाली नाही. त्याच फोक्सवॅगननं 2023 मध्ये शाओपेंग या चिनी कंपनीत 70 कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं, चिनी बाजारासाठीच्या आपल्या गाड्यांना तिचं तंत्रज्ञान मिळावं म्हणून. हंगेरीतल्या त्या दोन कारखान्यांत युरोपीय माणसं फक्त सुटे भाग जोडणार आहेत, की सेलचं रसायन आणि लेपाचं यंत्रही हाताळणार आहेत? कोणता भाग कोणत्या वर्षापर्यंत युरोपातल्या पुरवठादाराकडून येईल? हे करारात लिहून घेण्याची वेळ कारखाना उभा राहण्याआधीची असते, आणि ती सरत चालली आहे.